शमीम मॅडम आणि मेलेला लसूण

मोडनिंबात हायवेच्या कडेला एका ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन होतं आणि मी माईक धरून एका पुढाऱ्याचा आवाज काढत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. त्या पुढाऱ्याच्याच आवाजात "एक मिनिट हं, वरून फोन हाय" म्हणलं, लोक हसले, आणि स्टेजच्या मागं जाऊन बघितलं. आमच्या कॉलेजच्या बॅचचा ग्रुप. 'शमीम मॅडम आज सकाळी गेल्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग. आणि त्या रांगेच्या मधोमध कुणीतरी, बहुतेक वरचं न वाचताच, रोजच्यासारखं ढकलून दिलेलं... 'सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या गिळा, शरीरातले सगळे जंतू पळून जातील.' त्याच्याखाली परत जोडलेले हात. आता ते हात मॅडमसाठी होते का लसणासाठी, कळायला मार्ग न्हाय. मॅडमनी हे बघितलं असतं तर आधी खो खो हसल्या असत्या, आणि मग चष्मा डोक्यावर सरकवून विचारलं असतं, "गिळा? चावायचा पण न्हाय? मग तो आत जाऊन करणार काय, झोपणार?" समोर लोक "आण्णा, या की परत" म्हणून ओरडत होते. मी गेलो आणि राहिलेला पुढारी पूर्ण केला. काय करणार, सुपारी घेतलेली.

शमीम मॅडम सोलापुरात आमच्या कॉलेजला मायक्रोबायोलॉजी शिकवायच्या, आणि त्यांचं सगळं संशोधन लसणावर होतं. लसणातलं एन्झाइम किती टिकतं, कशानं मरतं आणि जिवंत असलं तर कुठल्या जंतूंना मारतं, एवढ्या एका गोष्टीमागं ती बाई आख्खं आयुष्य लागली. लोकांना हे ऐकून हसू यायचं. मला पण आलं होतं. मी वैरागचा, बारावीपर्यंत तिथंच. मायक्रोबायोलॉजी घेतलं ते आईला नाव आवडलं म्हणून. तिला वाटलं पोरगं डॉक्टरच्या आसपास कुटंतरी पोचलं. पहिल्याच महिन्यात मी व्हरांड्यात मॅडमचा आवाज काढत होतो, "बाळांनो, लसूण हा माझा पहिला प्रियकर हाय," असलं कायतरी, आणि पोरं एकदम गप झाली. मागं मॅडम. मला वाटलं संपलं, आता गावाकडची एसटी. त्या म्हणल्या, "आवाज बरोबर काढलास. नाकातनं येतो माझा, ते पण पकडलंस. पण वाक्य खोटं हाय. मी असं कधी बोलले? माझा आवाज काढायचा असंल तर वाक्य पण खरं पाहिजे. दुपारी लॅबमधे ये, खरी वाक्यं देते तुला."

दिली. लई दिली. मॅडमचे वडील मार्केट यार्डात लसणाचे व्यापारी. शाळेत पोरी ह्यांना 'लसूण' म्हणून हाक मारायच्या, बाकावर शेजारी बसायच्या न्हाईत, कारण कपड्यांना वास. "तेव्हाच ठरवलं," मॅडम म्हणायच्या, "की ह्या वासाची एकदा चौकशी करायची." आणि चौकशीचा निकाल त्या वर्गात असा सांगायच्या की शेवटच्या बाकावरचा झोपाळू पण उठून बसायचा. न ठेचलेल्या पाकळीला वास नसतो. कारण पाकळीच्या आत दोन खोल्या. एकीत अॅलिन, दुसरीत अॅलिनेज नावाचं एन्झाइम. एकीत सून, एकीत सासू. मधे भिंत हाय तोपर्यंत घरात शांतता. ठेचा, भिंत पडली, दोघी समोरासमोर... आणि जे भांडण पेटतं त्याचं नाव अॅलिसिन. वास त्याचाच, आणि जंतू मारणारं पण तेच. "आता सासूला, म्हणजे एन्झाइमला, गरम पाण्यात घाला. खलास. आंबट अॅसिडात घाला, म्हणजे आपल्या पोटातलं, तिथं पण खलास. सासू मेली की सून कितीपण नटून बसू दे, भांडण व्हायचं न्हाय." पोरी विचारायच्या, "मॅडम, सूनच का चांगली?" तर म्हणायच्या, "चांगली कुटं म्हणलं? दोघींपैकी एकटी कुणीच कामाची न्हाय."

लॅबमधे पहिल्यांदा ते भांडण डोळ्यांनी बघितलं तो दिवस मला आठवतो. काचेच्या छोट्या ताटलीत, म्हणजे प्लेटमधे, खाऊ घालून जंतू वाढवायचे. एका दिवसात आरशावर वाफ धरावी तशी त्यांची साय धरते. साय धरायच्या आधीच मधे भोक पाडून ताज्या ठेचलेल्या लसणाचा रस सोडलेला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर भोकाभोवती गोल स्वच्छ रिंगण. त्या रिंगणात एक जंतू न्हाय. शेजारच्या भोकात उकडलेल्या लसणाचा रस, त्याच्याभोवती काय न्हाय, साय अगदी कडेपर्यंत मजेत वाढलेली. मी शिट्टी मारली. मॅडम म्हणल्या, "मारू नको. हे प्लेटमधलं हाय. माणसाच्या अंगात असं रिंगण पडतंय हे अजून कुणी दाखवलेलं न्हाय. मी पण न्हाय. हे वाक्य पण लक्षात ठेव, माझ्या आवाजात."

मी सुट्टीला घरी गेलो आणि आईला सांगितलं की मॅडम असं असं म्हणत्यात. आईला लई राग आला. आमच्या घरची शेंगाचटणी गावात नावाजलेली, उखळात कुटलेली, लसूण दाण्याच्या बरोबरीनं. "माझी चटनी महिनाभर ऱ्हाती, बुरशी धरत न्हाय. लसनामुळंच की. जा, दे त्यांना डबा." मी डबा दिला. मॅडमनी तो खाल्ला तर खाल्लाच, पण त्यातली उरलेली प्लेटमधे पण लावली. शिवाय म्हणल्या, आजची कुटलेली पाहिजे, महिन्याची शिळी पाहिजे, आणि एक बिनलसणाची पाहिजे, न्हायतर मीठ-तिखटाचं श्रेय लसणाला जाईल. मी आईला फोन केला. पलीकडनं आई, "बिनलसनाची? का रं, श्राद्ध हाय का कुनाचं?" शेवटी पाठवली तिनं, पण डब्यावर खडूनं फुली मारून, चुकून कुणी खाऊ नये म्हणून. निकाल आला. ताज्या चटणीभोवती रिंगण, शिळीभोवती जवळजवळ न्हाय. अॅलिसिन ठेवून ठेवून विरून जातं. चटणी टिकते ती कोरडी असते म्हणून, मीठ असतं म्हणून. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी माजी चटनी मेली म्हनत्यात व्हय त्या?" मॅडमनी तिला स्वतः फोन केला. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण त्या दिवसापासनं आई मला न विचारता मॅडमसाठी वेगळा डबा भरायला लागली. "त्या बाई खोटं बोलत न्हाईत," एवढंच म्हणायची. हे वाक्य मला नंतर लई जड गेलं.

आता रफिकभाईंचं सांगतो. मॅडमचे मोठे भाऊ. वडील गेले तेव्हा भाईंनी शाळा सोडली आणि मार्केट यार्डात लसणाच्या पोत्यांवर जाऊन बसले, म्हणून बहीण शिकली. मॅडमचं लग्न झालं न्हाय, त्या विजापूर वेशीतल्या भाईंच्याच घरात वरच्या खोलीत राहायच्या. बहीण डॉक्टरेट झाली तेव्हा भाईंनी यार्डातल्या हमालांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "अपनी शमीम लहसुन की डॉक्टर हो गई." हमाल विचारायचे, लसणाला काय आजार झालाय? भाई हसायचे, पण अभिमान एवढा की डोळ्यात पाणी. तर ह्या भाईंनी पुढं चिंचोळी एमआयडीसीत एक शेड घेतलं आणि लसणाच्या पावडरीच्या कॅप्सूल काढल्या. मॅडमनी सुरुवातीला हौसेनं सगळं शिकवलं. लसूण कमी उष्णतेवर, हळूहळू वाळवायचा, म्हणजे सासू जिवंत राहते, नुसती झोपते. आणि कॅप्सूलला असा लेप द्यायचा की ती पोटातल्या अॅसिडात उघडणार न्हाय, पुढं आतड्यात जाऊन उघडंल. भाईंनी सगळं ऐकलं, मान हलवली. मग लाईट जायला लागली, माल साचायला लागला, कुणीतरी सांगितलं गरम हवेचं मशीन घ्या, पटापट वाळतंय. घेतलं. लेप राहूनच गेला. आणि डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात आलं... 'संशोधक डॉ. शमीम यांच्या मार्गदर्शनाखाली. जंतुसंसर्गावर नैसर्गिक उपाय.'

मॅडमनी बाजारातनं डबे आणले, स्वतः विकत, भाईंना न सांगता. कॅप्सूल फोडल्या, पावडर आधी नुसत्या पाण्यात, मग पोटासारख्या अॅसिडात ठेवून प्लेटमधे लावली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टच हा होता माझा. एका पण प्लेटमधे रिंगण न्हाय. सगळीकडं साय. मॅडम स्टुलावर बसल्या, एकेक प्लेट परत उजेडाला धरून बघितली आणि म्हणल्या, "चल, स्कूटरवर मागं बस. प्लेटांचा डबा मांडीवर धर, वाकडा करू नको."

एमआयडीसीत भाईंनी चहा मागवला. मॅडमनी टेबलावर प्लेटा मांडल्या. "भाईजान, ये देखो. मरेला है सब." भाईंनी चष्मा लावून बघितलं, वाकून, मनापासून. म्हणले, "इसमें तो कुछ दिखता नै." मॅडम म्हणल्या, "वोइच तो बोल रही." भाई माझ्याकडं वळले, मराठीत म्हणले, "बघ रे बाबा, लोक येऊन सांगतात मला, भाई, फरक पडला. सर्दी गेली, पोट साफ झालं. ते काय खोटं बोलतात?" मॅडम म्हणल्या, "सर्दी आपोआप जाते भाईजान. मशीन बदला, न्हायतर माझं नाव काढा डब्यावरनं. दोन्हीपैकी एक." भाईंनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "हौ बाबा. डबे छापून पडलेत ना आता. अगली छपाई में निकालतूं." आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांना खरंच काढायचं होतं. तो माणूस लबाड न्हाय. लबाड असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

पुढची छपाई झाली. नाव तिथंच. त्याच्या पुढची झाली. नाव थोडं मोठं. दर वेळी मॅडम जाऊन तेच बोलायच्या, भाई तेच बोलायचे, आणि मधे बिर्याणी व्हायची. मी विचारलं, मॅडम, पेपरात द्या की, सरळ. त्या म्हणल्या, "माझ्यासाठी ज्यानं शाळा सोडली, त्याच्याविरुद्ध पेपरात देऊ? तू दिलं असतंस?" मग त्यांनी मधला रस्ता काढला. विज्ञान दिनाला कॉलेजच्या स्टेजवर उभ्या राहिल्या आणि कुणाचं नाव न घेता तासभर बोलल्या... गरम हवेत वाळवलेला लसूण मेलेला असतो, त्याची पावडर म्हणजे मढं, मढ्याकडनं औषधाची अपेक्षा करू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत भाई बसलेले, त्यांनी पण वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी भाईंच्या दुकानात गर्दी, कारण काय, तर मॅडम काल लसणावर लई छान बोलल्या. हे सांगताना मॅडम हसत होत्या, पण ते हसणं मला तेव्हापण बघवलं न्हाय.

आणि एक दिवस ती बाई आली. अक्कलकोटच्या बाजूची, खेड्यातली, हडकुळी, तोंडाला पदर लावून खोकणारी. हातात भाईंचा डबा. लॅबच्या दारात उभी राहून मॅडमच्या पाया पडायला लागली. म्हणली, "डागदरीनबाई, तुमचं नाव वाचून घेतलं बगा. टीबीच्या गोळ्यांनी लई मळमळायचं, त्या दिल्या टाकून. आता ह्याच घेते." मॅडमचा चेहरा असा झाला की मला वाटलं ह्याच पडतात आता. त्यांनी बाईला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेक्चर सोडून तिला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या परत सुरू करून आल्या. संध्याकाळी मला म्हणल्या, "असल्या किती असतील रे? ही दारात आली म्हणून दिसली." त्या दिवसापासनं मॅडमना दुसरं काय नको होतं. बढती नको, सत्कार नको. डब्यावरनं नाव निघालं पाहिजे, एवढंच. भाईंना रोज जेवताना सांगायच्या. भाभी ताट वाढता वाढता म्हणायच्या, "खाने दो ना उनको." आणि भाई म्हणायचे, "निकालतूं बोला ना."

आजारपण आलं ते साधं वाटलं. लघवीचं इन्फेक्शन. मग किडनीत गेलं, मग रक्तात. होटगी रोडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर मॅडम उशीला टेकून फोनवर कायतरी बघत होत्या. दवाखान्याच्या लॅबमधे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, तिच्याकडनं स्वतःच्या कल्चरच्या प्लेटचा फोटो मागवून घेतलेला. मला दाखवला. त्यांच्याच रक्तातले जंतू वाढवलेले, आणि वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या पांढऱ्या चकत्या. साय सगळीकडं. एकीभोवती फक्त नखाएवढं रिंगण, बाकी कशाभोवती काय न्हाय. "बघ," मॅडम म्हणल्या, "काय दणकट हायेत. मार्क द्यायला पाहिजेत." मी त्यांच्याच आवाजात म्हणलं, "हे प्लेटमधलं हाय, माणसाच्या अंगात असंच हुईल असं न्हाय." हसल्या. हसता हसता धाप लागली... मी पाठ चोळली.

तेवढ्यात भाई आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खाली-वर लागलेली. खिशातनं डबी काढली, दोन कॅप्सूल तळहातावर घेतल्या, पाण्याचा ग्लास पुढं केला. डॉक्टरांचं सलाईन, इंजेक्शन सगळं चालूच होतं, त्यात भाईंनी कसूर केली न्हाय. पण हे पण. मला वाटलं मॅडम आता प्लेट मांडतात. त्यांनी भाईंच्या तोंडाकडं बघितलं, तोंड उघडलं आणि कॅप्सूल गिळल्या. भाई खूश होऊन बाहेर गेले. मी तोंड वासून. मॅडम म्हणल्या, "असा बघू नको. सकाळपासनं उपाशी बसलाय तो बाहेर. मी गोळी घेतली की जातो आणि दोन घास खातो. मेलेल्या लसणानं माझं काय बिघडतंय?" मी म्हणलं, "पण मॅडम, भाईंना वाटंल की..." "वाटू दे रे," त्या म्हणल्या, आणि डोळे मिटले. एवढी एकच गोष्ट त्या बाईनं आयुष्यात प्लेटमधे न लावता केली.

चाळिसाव्या दिवशी भाईंनी मला बोलवलं. घर भरलेलं, फातेहाची प्रार्थना झालेली, जेवणं चाललेली. भाईंनी मला हाताला धरून मॅडमच्या वरच्या खोलीत नेलं आणि कपाटातनं नवा डबा काढून माझ्या हातात दिला, जपून, जसं लहान मूल देतात. पुढची छपाई. डब्यावर आता नाव पण होतं आणि फोटो पण. मॅडम हसत होत्या. खाली लिहिलेलं... 'त्या स्वतः शेवटपर्यंत हेच घेत होत्या.' मी डबा धरून उभा. भाईंचे डोळे वाहत होते. "आता शमीम घराघरात जाईल बघ," म्हणले. आणि मग कामाचं बोलले. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव फिरवायचा होता. "तू तिचा आवाज हुबेहूब काढतो. चारच वाक्यं हायेत. 'मी डॉक्टर शमीम बोलतेय'..."

मी म्हणलं, "भाई, हे मला जमणार न्हाय." ते म्हणले, "का रे? खोटं काय हाय त्यात? घेत नव्हती का ती? तुझ्यासमोर घेतल्या." प्रत्येक शब्द खरा होता. मी मान खाली घातली. मग भाई खुर्चीत बसले आणि एकदम लहान दिसायला लागले. "बरं, भोंग्यासाठी नको," म्हणले. "माझ्यासाठी काढ. एकदा. घरात आवाजच न्हाय रे तिचा."

मी दाराकडं तोंड केलं, कारण त्यांच्याकडं बघून मला जमलं नसतं. आणि काढला. "भाईजान," मी म्हणलं, "मेरा नाम निकालो डिब्बे पर से." जिन्यात भाभी येत होत्या, त्यांच्या हातातनं कायतरी पडल्याचा आवाज आला. भाईंनी डोळे मिटले. तोंडावर असं समाधान की मी आजपर्यंत कुठल्या स्टेजवर कुणाच्या तोंडावर बघितलं न्हाय. "फिर से बोल," म्हणले. मी परत बोललो. "फिर से." परत. आणि भाई डोळे मिटूनच, मान डोलवत, हळू आवाजात म्हणले, "हौ शमीम... निकालतूं बाबा, अगली छपाई में."

त्या दिवसापासनं मी मॅडमचा आवाज काढलेला न्हाय. भोंगा फिरतोय. कुठलीतरी पोरगी बोललीय, आवाज गोड हाय, नाकातला न्हाय.

मागच्या आठवड्यात वैरागला गेलो. सकाळी आई चुलीपुढनं उठली, फळीवरनं डबा काढला आणि तळहातावर दोन कॅप्सूल घेतल्या. फळीवर डब्याचा फोटो बरोबर पुढं करून ठेवलेला, देव ठेवतात तसा. "मेडिकलात दिसला," आई म्हणाली. "तुज्या मॅडमचा फोटो बगून घेतला. किती गोड हसत्यात बग." मी तिला सगळं सांगितलं. मशीनचं, अॅसिडचं, प्लेटांचं. ती ऐकत होती, हातात कॅप्सूल तशाच. मग मी फोन काढला, कारण तो डब्यावरचा फोटो मीच काढलेला. भाईंच्या कॅप्सूलच्या प्लेटा घेऊन एमआयडीसीतनं परत आलो त्याच दिवशी, लॅबमधे. मॅडमच म्हणल्या होत्या, काढ आणि भाईजानला पाठव, पुरावा म्हणून. मी भाईंची नक्कल केली म्हणून हसल्या होत्या. डब्यावर भाईंनी त्यांना खांद्यापर्यंतच ठेवलंय. आख्ख्या फोटोत त्यांचा हात हाय, आणि हातात प्लेट.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "काय न्हाय की हितं. नुसतीच पांढरी ताटली."

"तेच दाखवत्यात त्या, आई. ह्याच गोळ्या लावल्या होत्या."

आई लई वेळ बघत राहिली. मला वाटलं, पोचलं. तिनं पदरानं फोनची काच पुसली, मला परत दिला.

"पन ह्यावर लिवलंय ते? घेत व्हत्या का न्हाय त्या, शेवटाला?"

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. पण विषय मॅडमचा होता.

"घेत होत्या," मी म्हणलं.

"मग?" आई म्हणाली, आणि दोन्ही कॅप्सूल तोंडात टाकून वर पाणी प्याली.